अभयारण्य गावाचं असेल तर वहीपण गावातच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे गावांनी राखलेल्या अभयारण्यांवर एक लेख आला होता, फोटो मस्त होते, लिहिलेलंही मनापासून होतं, पण वाचून झाल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईचना म्हणून हे पत्र. लेखात "गावकऱ्यांना रोजगार मिळाला" हे वाक्य चारेक वेळा आलंय आणि गावकऱ्यांची मालकी हा शब्द एकदाही नाही. आता रोजगाराचं काय हो, शेजारून रस्त्याचं काम निघालं तरी रोजगार मिळतो, म्हणून काय तो रस्ता गावाचा होतो का? इको-टुरिझमच्या जोरावर चालणारं गावाचं अभयारण्य ही फार वेगळी आणि फार अवघड गोष्ट आहे आणि आपण ती जंगलाच्या कडेला उभ्या राहिलेल्या कुठल्याही रिसॉर्टच्या पंगतीला नेऊन बसवतो याचा मला राग येतो.

मी स्वतः एकदा अशाच एका ठिकाणी गेलेलो, नाव मुद्दाम देत नाही. गेटवर भलामोठा बोर्ड, "सामुदायिक निसर्ग पर्यटन". गाईड त्याच गावचा पोरगा, वीस-बावीसचा असेल, नुसती शीळ ऐकून पक्ष्याचं नाव सांगणारा. पाणवठ्यावर पोचलो तर आधीच पाच गाड्या चिकटून उभ्या, लोक मोठमोठ्यानं बोलतायत, एकजण तर स्पीकर फोनवर चालू. मी त्याला म्हटलं, अरे सांग ना यांना मागे घ्यायला, तुमचंच जंगल आहे. तो हसला, खाली उतरला, रेंज मिळेपर्यंत टेकाडावर चढला, कुणाशी तरी बोलला आणि परत येऊन हळूच म्हणाला, "साहेब नको म्हणाले, गेस्ट नाराज होतील." साहेब राहतात शहरात. मला तेव्हा कळलं की बोर्डावर काहीही लिहिलेलं असो, या जंगलात एक गाडी मागे घ्यायची तरी परवानगी बाहेरून आणावी लागते.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण सांगतो. मध्य अमेरिकेत बेलिझ नावाचा छोटासा देश आहे, तिथे 1985 साली बेलिझ नदीच्या काठच्या बर्म्युडियन लँडिंग या गावात बारा शेतकऱ्यांनी एका कागदावर सह्या केल्या. त्याच्यामागे रॉबर्ट हॉर्विच नावाचे अमेरिकन माकड-अभ्यासक होते. जागेचं नाव कम्युनिटी बबून सँक्चुअरी, पण तिथे बबून औषधालाही नाही, काळ्या हाऊलर माकडाला तिथले लोक आपल्या बोलीत बबून म्हणतात म्हणून ते नाव (मला हे फार आवडलं, नाव ठेवतानासुद्धा गावाचा शब्द ठेवला, पुस्तकातला नाही). कागदावर काय होतं तर नदीकाठची झाडं तोडणार नाही, दोन शेतांच्या हद्दीवर झाडांची पट्टी ठेवीन, अंजिराच्या जातीची वगैरे माकडांच्या खाण्याची झाडं राखीन, बस. जमीन ज्याची त्याची, कुणी विकत घेतली नाही, कुंपण घातलं नाही, एकाही माणसाला उठवलं नाही. कागद मोडला तर दंडसुद्धा नाही, सगळं राजीखुशीनं.

हे टिकलं कसं याचं कारण बघण्यासारखं आहे. हाऊलर माकड पानं आणि फळं खातं, दिवसाचा बराच वेळ झाडावर लोळत असतं आणि जमिनीवर उतरायला जाम कंटाळतं, त्यामुळे त्याला काही शेकडो मैलांचं घनदाट जंगल लागत नाही, झाडांची सलग पट्टी असली की त्याचं भागतं. आणि नदीकाठची झाडं राखली की काठ ढासळत नाही, म्हणजे शेतकऱ्याची मातीपण त्याच्याच शेतात राहते. माकडासाठी केलेली गोष्ट शेतकऱ्यालाही हवीच होती. जिथे रस्त्यामुळे झाडांची रांग तुटली तिथे वरून दोर बांधून माकडांसाठी पूल केले. आम्ही इथे अंडरपास, ओव्हरपासच्या फायली फिरवतो आणि तिकडे दोन झाडांमध्ये दोर!

बारा सह्यांचे पुढे दोनशेच्या वर जमीनमालक झाले, सात गावं आली. माकडं इतकी वाढली की 1992 ते 1994 मध्ये बासष्ट माकडं तिथून उचलून कॉक्सकोंब नावाच्या सरकारी अभयारण्यात नेऊन सोडली, कारण तिथली हाऊलर संपली होती. परत वाचा, सरकारी जंगलात संपली आणि शेतकऱ्यांच्या बांधावरची तिकडे द्यावी लागली.

टुरिझम यात नंतर आला हे लक्षात घ्या. आधी सह्या, आधी झाडं, मग माकडं बघायला लोक यायला लागले, मग छोटं म्युझियम, गावातले गाईड, घरगुती मुक्काम. आपल्याकडे आधी रिसॉर्टचं भूमिपूजन होतं आणि मग प्राणी कुठे आहेत ते शोधतात.

पण सगळंच गोड गोड सांगितलं तर मीही त्या लेखासारखाच होईन. बेलिझमध्येही भांडणं झालीच. व्हिजिटर सेंटर एका गावात, तर येणारा टुरिस्ट तिथेच उतरणार, तिथलाच गाईड घेणार, तिथेच जेवणार, आणि बाकीच्या गावांनी झाडं तितकीच राखली तरी त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. पहिल्या दहा-बारा वर्षांत हे चांगलंच जाणवलं. 1998 पासून कारभार तिथल्या बायकांच्या गटाकडे गेला, सातही गावांतून प्रतिनिधी घेतात. सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. पण भांडण झालं तर ते गावातल्या गावात, एकमेकांच्या तोंडावर करता येतं, त्यासाठी टेकाडावर चढून कुणाला फोन लावायला लागत नाही, हा फरक मला फार मोठा वाटतो.

दुसरं उदाहरण नामिबियाचं, आणि ते जास्त डोळे उघडणारं आहे कारण तिथे प्रश्न सरळ हक्काचा होता. स्वातंत्र्याच्या आधी तिथे गोऱ्या रँचवाल्यांना त्यांच्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर हक्क होता, ते शिकारीची, टुरिझमची कमाई ठेवू शकत होते, आणि सामायिक जमिनीवर राहणाऱ्या काळ्या माणसाच्या दारात तोच प्राणी आला तर तो सरकारचा. म्हणजे हत्तीनं पाण्याची टाकी फोडली तर नुकसान तुझं, हत्ती मात्र सरकारचा. मग तो माणूस शिकार करणाऱ्याला कशाला अडवेल? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गार्थ ओवेन-स्मिथ नावाच्या माणसानं तिथल्या वायव्य भागातल्या मुखियांना विचारून गावातलेच राखणदार नेमायला सुरुवात केली, त्यातले काही आधी स्वतःच शिकारी होते. हे राखणदार सरकारला नाही, आपल्या मुखियाला जबाबदार. नंतर 1996 मध्ये कायदा झाला, की गावांनी मिळून हद्द ठरवली, सभासदांची यादी केली, घटना लिहिली, समिती निवडली आणि पैसे कसे वाटणार ते ठरवलं तर त्यांना वन्यप्राणी आणि टुरिझम दोन्हींवर हक्क मिळेल. याला तिथे कन्झर्व्हन्सी म्हणतात. पहिल्या चार 1998 मध्ये नोंदल्या, आता 86 आहेत आणि देशाची साधारण एक पंचमांश जमीन त्यात येते. जमिनीची मालकी अजूनही सरकारकडेच आहे हेही सांगायला हवं, हक्क आहे तो प्राण्यांवरचा आणि त्यातून येणाऱ्या पैशावरचा.

तिथली एक गोष्ट मला फारच भावली, ती म्हणजे त्यांची वही. इव्हेंट बुक म्हणतात. राखणदार फिरून आला की त्यात नोंद करतो, काय दिसलं, कुठे ठसे दिसले, कुणाचं जनावर मारलं गेलं, कुठे सापळा सापडला. महिना संपला की त्याचा तक्ता भरायचा, एकेक चौकोन रंगवत जायचं, की कमी शिकलेल्या माणसालाही भिंतीकडे बघून कळावं की यंदा सिंहानं जास्त गुरं मारली का हत्तीनं जास्त शेतं तुडवली. आणि मूळ वही गावातच राहते, सरकारला मिळते ती कॉपी. आपल्याकडे कुठलाही सर्व्हे झाला की माहिती बाहेर जाते आणि गावाला त्याचा रिपोर्टसुद्धा बघायला मिळत नाही, तिथे मालकी म्हणजे काय हे त्या एका वहीतून कळतं.

इथे एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती लपवून उपयोग नाही, ती म्हणजे नामिबियातल्या बऱ्याच कन्झर्व्हन्सींचं उत्पन्न नुसतं फोटो काढणाऱ्या टुरिस्टांकडून येत नाही, पैसे भरून शिकार करणाऱ्यांकडूनही येतं. मला स्वतःला ते पचत नाही, खरं सांगतो. पण जिथे बघण्यासारखा नजारा नाही, रस्ता धड नाही, लॉज काढायला कुणी येत नाही, तिथल्या गावानं सिंह का सांभाळायचा याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ज्यांच्या गोठ्यात सिंह शिरत नाही अशा आपण लोकांनी फार जोरात बोलू नये असं वाटतं.

केनियात मसाई माराच्या आजूबाजूला आणखी वेगळा प्रकार आहे. तिथली सामायिक कुरणं वाटप होऊन मसाई कुटुंबांच्या नावावर झाली, मग ती कुंपणं घालणार, विकणार, प्राण्यांचे रस्ते बंद होणार अशी वेळ आली. तेव्हा शेकडो कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून टुरिझमवाल्यांना भाड्यानं दिले, 2006 मध्ये ओलारे ओरोक, 2010 मध्ये नाबोइशो, अशा कन्झर्व्हन्सी उभ्या राहिल्या. यातली हुशारी अशी की भाडं एकरावर, टुरिस्टांच्या डोक्यावर नाही. टुरिस्ट दहा आले काय नि हजार आले काय, जमीनमालकाला महिन्याचं ठरलेलं मिळणार. त्यामुळे गर्दी वाढवायचा मोह गावाला राहत नाही. तंबू किती, गाड्या किती, याला मर्यादा घातलेली आहे, माझ्या त्या पाणवठ्यावरच्या पाच गाड्या आठवून बघा. पण इथेही मेख आहेच. भाडं मिळतं सातबारा ज्याच्या नावावर त्याला (सातबारा आपला शब्द, पण कागद तोच), आणि कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, त्यामुळे बायका आणि ज्यांना वाटपात जमीनच मिळाली नाही ते बाहेर. शिवाय गुरं चारायला बंधनं आली, ज्या समाजाचं सगळं आयुष्य गुरांवर त्यांना भाडं देऊन गवत बंद करणं हे काही सोपं नव्हतं, नंतर काही ठिकाणी पाळीपाळीनं चराईला परवानगी द्यावी लागली.

आणि मग आलं 2020. विमानं बंद, लॉज बंद. मारातल्या बऱ्याच कन्झर्व्हन्सींना भाडं कमी करावं लागलं, नामिबियात राखणदारांचे पगार चालू राहावेत म्हणून मदतनिधी उभा करावा लागला. सगळे टुरिझमभक्त त्या वर्षाबद्दल गप्प असतात. टुरिस्ट हा पाहुणा आहे, तो येईल किंवा येणार नाही, त्याच्या भरवशावर चूल पेटवायची नसते. जिथे गावाकडे हक्क होता तिथे निदान समिती होती, राखणदार होते, वही होती, आणि मदत मागायला गावाचं स्वतःचं नाव होतं. जिथे नुसता रोजगार होता तिथे काय उरलं असेल? गाईडला सांगितलं, उद्यापासून येऊ नको, संपलं.

करार बाहेरच्या कंपनीशी केला तर गाव बुडतंच असंही नाही. पेरूमध्ये इन्फिएर्नो नावाच्या गावानं 1996 मध्ये एका टुरिझम कंपनीशी करार केला, पोसादा आमाझोनास लॉजचा. नफ्यात गावाला 60 टक्के, कंपनीला 40, निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे, आणि वीस वर्षांची मुदत, की तोवर गावातल्या लोकांनी शिकून लॉज चालवायला तयार व्हायचं. म्हणजे कंपनी येताना तिच्या जाण्याची तारीख कागदावर लिहून घेतली. मला वाटतं असा एक कलम आपल्याकडच्या प्रत्येक करारात असायला पाहिजे, पण मग आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्यांची पंचाईत होईल.

आपल्या देशातही हे काही नवीन नाही. नागालँडच्या खोनोमा गावानं 1998 मध्ये स्वतःहून शिकारबंदी करून ट्रॅगोपान पक्ष्यासाठी आपलं जंगल राखलं, आणि हे शिकारीत हयात घालवलेल्या लोकांचं गाव. त्याच राज्यात पांगटीला 2012 मध्ये अमूर ससाण्यांची हजारोंनी कत्तल झाली, साऱ्या जगात बोंब झाली, आणि 2013 मध्ये त्याच गावात एकही ससाणा मारला गेला नाही. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. पण त्या लोकांची शेतं दोयांग धरणाखाली गेलेली होती, म्हणून ते मासेमारीकडे आणि मग जाळ्यांकडे वळले हे कितीजणांनी छापलं? आणि ससाणे तिथे थांबतात फक्त काही आठवडे, मग पुढे थेट आफ्रिकेच्या दक्षिणेला जातात, त्यांच्याबरोबर टुरिस्टही जातो. उरलेल्या दहा-अकरा महिन्यांचं काय, हे त्या गावानं कुणाला विचारायचं?

अरुणाचलमध्ये सिंगचुंगजवळ 2006 मध्ये एक नवीन पक्षी जगासमोर आला, बुगुन लिओसिकला. शोधणारे रमणा अथ्रेय, पेशानं खगोलशास्त्रज्ञ. नवीन जात नोंदवायची तर पक्षी मारून नमुना ठेवायची रीत असते, पण त्यांनी म्हटलं इतके थोडे पक्षी दिसतायत, त्यातला एक कशाला मारायचा, म्हणून जाळ्यात आलेल्या पक्ष्याची गळालेली पिसं आणि फोटो एवढ्यावर नोंद केली आणि पक्षी सोडून दिला. नाव दिलं बुगुन जमातीचं. पुढे 2017 मध्ये त्या लोकांनी आपल्या जमिनीतली 17 चौरस किलोमीटर सामुदायिक राखीव म्हणून दिली आणि आता त्यांचीच पोरं तिथे गस्त घालतात. पक्षी बघायला जगभरातून लोक जातात. ज्या जमातीचं नाव पक्ष्याला आहे त्यांच्याच जमिनीवर उभं राहून तो बघायचा, याच्यापुढे कुठल्याही पंचतारांकित सफारीचं मला कौतुक नाही.

आता सामुदायिक राखीव म्हणजे काय तर वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आलेली सोय, गावाची किंवा खाजगी जमीन मालकांनी स्वतःहून द्यायची, समितीत गावाचे प्रतिनिधी असतात. ऐकायला झकास. पण एकदा राखीव जाहीर झाली की जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव पुरत नाही, राज्य सरकारची मंजुरी लागते. म्हणून पुष्कळ गावं कचरतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या जंगल राखलं त्यालाच सही करताना वाटतं की आपण देतोय का घालवतोय. 2006 चा वनहक्क कायदा त्या मानानं सरळ आहे, त्यात गावाला आपलं सामूहिक जंगल राखायचा आणि सांभाळायचा हक्क मान्य केलाय. तो मिळवताना किती चपला झिजतात तो वेगळा विषय, त्यावर वेगळं पत्र लिहीन, छापणार असाल तर.

माझं मागणं छोटंसं आहे. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा वाघाचा फोटो थोडा लहान करा आणि तेवढ्या जागेत एवढंच लिहा की जमीन कोणाच्या नावावर आहे, गाडी मागे घ्यायचा हुकूम कोण देतं, हिशोबाची वही कुठे ठेवलेली असते आणि यंदा टुरिस्ट आलेच नाहीत तर राखणदाराला पगार कोण देणार. बातमीदारानं तिथे एक मुक्काम जास्त केला तर सगळं कळतं, रिसॉर्टच्या पाहुणचारात मात्र नाही कळणार.

तो पाणवठ्यावरचा पोरगा अजून माझ्या संपर्कात आहे, अधूनमधून पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, मला निम्मे ओळखू येत नाहीत. मागच्या महिन्यात सहज विचारलं, अरे तुमच्या गावाची ती समिती होती ना बोर्डावर, तिचं काय झालं? म्हणाला, "आहे की, मीपण सदस्य आहे. फक्त शिक्का साहेबांकडे असतो."

आपला,
एक नियमित वाचक